पाणचक्कीच्या मुळाकडे : उझबेकिस्तानातील आमचा प्रवास

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसाला मध्य आशिया तसा परका नसतो. त्याची ओळख फक्त उलट्या टोकाने झालेली असते. पाणचक्कीच्या आवारात ज्यांची कबर आहे ते नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानकडून दख्खनेत आले. ज्या निजामाच्या राज्यात मराठवाडा 1948 पर्यंत होता, त्या घराण्याच्या पहिल्या निजामाचे आजोबा ख्वाजा आबिद समरकंदच्या परिसरातले. खुलताबादला उघड्या आभाळाखाली पुरलेला औरंगजेब हा तैमूरचा दहाव्या पिढीचा वंशज. शाळेत इतिहास शिकवताना मी ही नावे फळ्यावर कितीदा लिहिली असतील. पण ही माणसे जिथून निघाली ती गावे दिसतात कशी, तिथे लोक काय खातात, हवा कशी असते, यातले मला काहीच ठाऊक नव्हते. श्रीलंका, इजिप्त आणि तुर्कस्तान आम्ही दोघांनी पर्यटन कंपन्यांबरोबर पाहिले होते. या वेळी मात्र कुणाच्या झेंड्यामागे न चालता स्वतःच जायचे, असे यांनी निवृत्तीच्या दिवशीच जाहीर केले होते, आणि सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही निघालो.

पहिला दिवस : ताश्कंद

दिल्लीहून ताश्कंद जेमतेम तीन तासांवर आहे आणि घड्याळ फक्त अर्धा तास मागे करावे लागते. एवढ्या जवळच्या देशाबद्दल आपल्याला इतके कमी कसे माहीत, हा प्रश्न विमानतळावरच पडला. शहर रुंद, झाडांनी भरलेले आणि थोडेसे सरकारी वाटते, त्याला कारण आहे. 26 एप्रिल 1966 च्या पहाटे झालेल्या भूकंपात जुन्या ताश्कंदचा मोठा भाग कोसळला आणि सोव्हिएत काळात शहर जवळजवळ नव्याने बांधले गेले. त्याच वर्षीच्या 10 जानेवारीला इथे ताश्कंद करारावर सह्या झाल्या आणि 11 तारखेच्या पहाटे लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर त्यांचा अर्धपुतळा आहे. आम्ही गेलो तेव्हा एक बाई पुतळ्याच्या आसपासचा पालापाचोळा झाडत होत्या. आम्ही भारतीय आहोत हे कळताच त्यांनी झाडू बाजूला ठेवला, उजवा हात छातीवर ठेवून मान लववली आणि फोटोला अडथळा नको म्हणून दूर जाऊन उभ्या राहिल्या. छातीवर हात ठेवण्याचा हा नमस्कार पुढे सगळीकडे भेटला आणि तो आम्हीही उचलला.

ताश्कंदची मेट्रो 1977 पासून चालू आहे आणि तिची स्थानके मुद्दाम उतरून पाहण्यासारखी आहेत. अंतराळवीरांच्या नावाच्या स्थानकात निळ्या भिंतींवर गागारिन आणि तेरेश्कोवा यांच्या सोबतीने पंधराव्या शतकातला खगोलज्ञ उलुगबेगही आहे. 2018 पर्यंत इथे छायाचित्रे काढायला बंदी होती; आता कुणी हटकत नाही.

दुपारी टीव्ही मनोऱ्याजवळच्या पलोव केंद्रात गेलो. अंगणात प्रचंड कढया, त्यांत मांस, तांदूळ आणि पिवळ्या गाजरांच्या सळ्या शिजत असतात. एका कढईत किती जणांचे जेवण होते, हे यांनी आचाऱ्याला खुणांनी विचारले, तेव्हा त्याने अंगणातल्या साऱ्या गर्दीकडे हात फिरवला. पलोव हे दुपारचेच जेवण आहे. दोननंतर गेलात तर कढई घासलेली दिसेल. हे मांसाहारी आहेत, मी नाही. शाकाहाऱ्यांनी या देशात जायला घाबरू नये, पण तयारीने जावे. तंदूरमधली गरम रोटी म्हणजे ‘नोन’, टोमॅटो-कांद्याची पातळ चिरलेली कोशिंबीर, लाल भोपळ्याचे सारण भरलेला सोमसा, दही आणि फळे यांवर माझे उत्तम निभावले. मात्र भाजीच्या सूपमध्येही मांसाचे पाणी असू शकते, म्हणून ‘मांस नको’ हे उझबेक आणि रशियन भाषांत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी.

व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो. एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी पाकीट फुगते आणि हिशेब चुकतो. हॉटेले पाहुण्यांची सरकारी नोंद करतात. तिची पावती मागून घ्यावी व देश सोडेपर्यंत जपावी. शहरात फिरायला यांडेक्सचे अ‍ॅप पुरते, कारण भाडे आधीच कळते आणि घासाघीस करावी लागत नाही.

समरकंदचे दिवस

ताश्कंद ते समरकंद हे सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर ‘अफ्रासियाब’ ही वेगवान गाडी दोन तासांच्या थोड्या वर कापते. तिची तिकिटे लवकर संपतात, म्हणून विक्री सुरू होताच काढावीत.

रेगिस्तान चौक मी आयुष्यभर छायाचित्रांत पाहत आले होते आणि त्यामुळे थोडी निराशा होईल अशी मनाची तयारी ठेवली होती. ती वाया गेली. तीन बाजूंना तीन मदरसे, मध्ये मोकळी जागा, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात निळ्या-हिरव्या फरशांचा रंग दर पाच मिनिटांनी बदलत असलेला. डावीकडचा मदरसा उलुगबेगने 1417 ते 1420 या काळात बांधला. समोरासमोरचा शेरदार आणि मधला तिल्ला-कारी त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी आले, तरी तिघांनी एकमेकांना सांभाळून घेतले आहे. शेरदारच्या कमानीवर हरणाच्या मागे धावणारे वाघासारखे प्राणी आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य उगवलेला आहे. धार्मिक इमारतीवर सजीवांची चित्रे सहसा नसतात, त्यामुळे मी ते बराच वेळ पाहत राहिले. आतल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये आता दुकाने आहेत. हे मला खटकले. दारात उभ्या असलेल्या प्रत्येक विक्रेत्याला नकार देत देत इमारत पाहावी लागते. यांचे म्हणणे असे पडले, की रिकाम्या खोल्या कुलूप लावून ठेवण्यापेक्षा हे बरे. आमचा तो वाद अजून मिटलेला नाही.

गुर-ए-अमीर, म्हणजे तैमूरचे थडगे, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पन्हळीदार निळा घुमट लांबून दिसतो, आत सोनेरी नक्षीने भिंती आणि छत झाकून गेले आहेत, आणि मधोमध गडद हिरव्या, जवळजवळ काळ्या दगडाखाली तो माणूस आहे, ज्याने 1398 मध्ये दिल्लीची कत्तल घडवली. ताश्कंदच्या मध्यवर्ती चौकात त्याचा अश्वारूढ पुतळा आहे. या देशाला तो राष्ट्रपुरुष वाटतो. मला त्या खोलीत प्रसन्न वाटले नाही. खुलताबादची ती साधी मातीची कबर, तिच्यात वाढलेले सब्जाचे रोप आणि इथले सोने यांच्यामध्ये एकाच घराण्याच्या दहा पिढ्या आहेत, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. शेजारच्या गटाचा मार्गदर्शक मात्र रंगात आला होता. 1941 च्या जूनमध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोव्ह यांनी हे थडगे उघडले आणि लगेच हिटलरने रशियावर हल्ला केला, हा तैमूरचा शाप, असे तो सांगत होता. हल्ल्याची आखणी त्याच्या कितीतरी महिने आधी झाली होती, हे सांगायचा मोह मी आवरला, कारण ऐकणारी मुले फारच खूश होती. त्या उत्खननातून निघालेली खरी माहितीही कमी नाट्यमय नाही. तैमूरचा उजवा पाय खरोखरच अधू होता आणि त्याचा नातू उलुगबेग याचे शिर धडावेगळे केलेले होते.

उलुगबेगची वेधशाळा शहराबाहेरच्या टेकडीवर आहे. तिथे आता दिसायला फारसे काही उरलेले नाही, आणि तरीही यांच्या मते सगळ्या प्रवासातले तेच सर्वांत मोठे ठिकाण. सुमारे चाळीस मीटर त्रिज्येच्या प्रचंड वेधयंत्राचा जमिनीखालचा भाग तेवढा शिल्लक आहे. खडकात कोरलेल्या खंदकातून संगमरवराची कमान खाली उतरत जाते आणि तिच्यावर अंशांच्या खुणा आहेत. वाळूजच्या कारखान्यात मोजमापे तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस तिथून हलेना. दुर्बिणीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी इथे हजारावर ताऱ्यांची सारणी तयार झाली आणि वर्षाची लांबी जेमतेम एका मिनिटाच्या फरकाने बरोबर काढली गेली. 1449 मध्ये पोटच्या मुलाच्या सांगण्यावरून उलुगबेगला मारण्यात आले, वेधशाळा उद्ध्वस्त झाली आणि 1908 मध्ये व्याट्किन या पुरातत्त्वज्ञाला सापडेपर्यंत ती मातीखाली होती. त्याच्या सारण्या मात्र वाचल्या आणि हिंदुस्थानात पोहोचल्या. जयपूरच्या सवाई जयसिंहाने आपल्या वेधशाळा उभारल्या तेव्हा त्याच्यासमोर त्या होत्या. “अगं, जयपूरला आपण घाईत बाहेर पडलो होतो,” हे यांनी तिथे उभ्या उभ्या काढलेले उद्गार. पुन्हा जयपूर, हे तेव्हाच ठरले.

दुसऱ्या दिवशीची सकाळ सियाब बाजारात गेली. समरकंदची रोटी जाड, चकचकीत आणि वजनदार असते, तिच्यावर मधोमध ठशाने नक्षी टोचलेली असते आणि ती अनेक दिवस टिकते. रोटी पालथी ठेवत नाहीत. मी पिशवीत उलटी घातली तेव्हा विक्रेतीने हात घालून ती सरळ केली आणि मगच पैसे घेतले. खरबुजे, डाळिंबे, अंजिरे आणि द्राक्षे यांचे ढीग लागले होते. बाबर हिंदुस्थानचा बादशहा झाल्यावरही आपल्या मुलखातल्या खरबुजांसाठी हळहळत असे, हे मी मुलांना गमतीने सांगत असे. तिथल्या लांबोळक्या, पांढऱ्या गराच्या खरबुजाची पहिली फोड तोंडात घातल्यानंतर ते गमतीने सांगणे मला थांबवावे लागेल.

बाजारामागच्या चढावर शाह-ए-जिंदा ही थडग्यांची अरुंद गल्ली आहे. रेगिस्तानपेक्षा मला तीच अधिक आवडली. दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या जवळ आहेत, की निळ्या फरशांवरचे बोटभर नक्षीकामही हाताच्या अंतरावर येते. तिथे सकाळी लवकर जावे. दहानंतर पर्यटकांच्या बसगाड्या येतात.

बुखारा

बुखारा हे मातीच्या रंगाचे शहर आहे. समरकंदच्या निळाईनंतर डोळ्यांना क्षणभर काही सापडत नाही आणि मग विटांची करामत दिसू लागते. इस्माईल सामानीचे हजार वर्षांपूर्वीचे थडगे हे त्याचे सर्वांत जुने उदाहरण. लहानशी चौकोनी इमारत, रंग कुठेच नाही, केवळ विटा आडव्या-उभ्या-तिरक्या रचून साधलेली वीण. 1127 मधला कल्याण मिनार पंचेचाळीस मीटरहून उंच आहे. चंगेजखानाने 1220 मध्ये शहर जाळले, तरी हा मिनार पाडू नका असे सांगितले, ही कथा इथे प्रत्येक जण सांगतो.

आम्ही उतरलो ते जुन्या व्यापाऱ्याचे घर होते. मध्ये अंगण, अंगणात डाळिंब, आणि सगळा कारभार एका आजींच्या हातात. त्यांची नात पर्यटनाचे शिक्षण घेत होती, तिच्यामुळे संवाद होऊ शकला. पहिल्या संध्याकाळी आजींनी हिरवा चहा पेल्यात ओतून तो तीनदा परत किटलीत टाकला आणि मग आम्हाला दिला, तोही अर्ध्याहून कमी. यांना वाटले, चहा संपत आला असावा. नातीने हसत खुलासा केला, की पेला काठोकाठ भरणे म्हणजे ‘प्या आणि निघा’. थोडा थोडा देत राहणे हा मान. आजी त्या रात्री आमचे पेले कितीदा भरत होत्या ते मी मोजले नाही.

भिंतीवर खुंटीला एक वाळून कडक झालेली रोटी टांगलेली होती आणि तिचा एक घास तोडलेला होता. मुलगा घराबाहेर लांब जायला निघाला, की रोटीचा एक घास खाऊन जातो आणि उरलेली रोटी तो परत येईपर्यंत जपून ठेवतात. आजींचा धाकटा मुलगा कामासाठी रशियात होता. आमची लेक कॅनडात आहे, हे मी सांगितले. आजींनी तिच्याबद्दल बरेच प्रश्न विचारले, मुख्यतः तिथे तिला जेवायला काय मिळते याबद्दल.

बुखाऱ्यातले दिवस लब-ए-हौजच्या काठी, तुतीच्या जुन्या झाडांखाली बसण्यात आणि घुमटांच्या बाजारांतून भटकण्यात गेले. सराफांच्या घुमटाजवळ एके काळी मुलतानी आणि शिकारपुरी सावकारांचा वावर असे. खरेदी करायची तर अद्रस हे कापड पाहावे. ताणा रेशमाचा, बाणा सुती. आपल्या हिमरूतही रेशीम आणि सूत एकत्र येते, पण इथली नक्षी विणताना साधत नाहीत, धागे आधीच बांधून रंगवतात, त्यामुळे तिच्या कडा पाण्यात पसरलेल्या रंगासारख्या दिसतात. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीच्या दोनतृतीयांशावर सौदा होतो, असा आमचा अनुभव. करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या लोहारांकडूनच घ्याव्यात. विमानात हातातल्या सामानात मात्र ठेवू नयेत.

एक सकाळ बहाउद्दीन नक्शबंद यांच्या दर्ग्यासाठी राखली होती. 1389 मध्ये वारलेल्या या संताच्या नावाने चालणारा पंथ बाबा मुसाफिरांसारख्यांबरोबर दख्खनेपर्यंत आला. आवारात एक जुने, आडवे पडलेले तुतीचे खोड आहे आणि लोक त्याच्याभोवती फेऱ्या घालतात. तिथून आम्ही त्याच गाडीने गिझदुवानला गेलो, बुखाऱ्यापासून सुमारे तासाभराच्या अंतरावर. प्रवासी मार्गदर्शिकांमध्ये गिझदुवानला मातीची भांडी आणि कबाब यांच्यासाठी दोन ओळी मिळतात. कुंभाराच्या कार्यशाळेत पिवळ्या-तपकिरी ताटल्या पाहिल्या, यांनी कबाबांना न्याय दिला, आणि मग आम्ही गावातल्या अब्दुलखालिक गिझदुवानी यांच्या दर्ग्यात गेलो. तिथे बाकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांना चालकाच्या मदतीने सांगितले, की तीनशे वर्षांपूर्वी तुमच्या गावाकडून एक सूफी आमच्या शहरात आले. त्यांनी ते नाव ऐकलेले नव्हते. यांनी मोबाइलवर पाणचक्कीची चित्रफीत दाखवली: उंचावरून हौदात पडणारे पाणी, वडाचे झाड, कबरीचे आवार. गृहस्थांनी ती पुन्हा लावायला सांगितली आणि मग व्यवहारी प्रश्न विचारला: इतके पाणी कुठून आणले? नहरीचे पाणी डोंगराकडून मातीच्या नळांतून येते, उतारावर कसे खेळवले आहे, हे समजावून सांगायला यांना अर्धा तास लागला. जमिनीवर काडीने आकृती काढून झाली. तोवर आजूबाजूला आणखी पाच-सहा जण जमले होते आणि त्यातला प्रत्येक जण कालव्यांच्या मुलखात वाढलेला असल्यामुळे शंका अचूक विचारत होता.

किझिलकुम ओलांडून खिवा

बुखाऱ्याहून खिव्याला जाणाऱ्या गाडीची तिकिटे आम्हाला मिळाली नाहीत, म्हणून मोटार ठरवली. साडेचारशे किलोमीटर आणि जवळजवळ सगळे किझिलकुम वाळवंट. दिवस त्यातच जातो. चालक पन्नाशीचा होता. त्याला राज कपूर आणि मिथुन चक्रवर्ती एवढेच हिंदुस्थानी शब्द येत होते आणि त्यांच्या बळावर त्याने सात तास गप्पा मारल्या. वाळवंटात स्वच्छतागृहे फार कमी आहेत. जिथे गाडी थांबेल तिथे संधी सोडू नये, आणि सुटे पैसे व कागदी रुमाल जवळ ठेवावेत. अमू दर्याचे पात्र रस्त्यालगत येते तेथे आम्ही थांबलो. नदी रुंद आहे, गढूळ आहे आणि वाळूच्या मधोमध ती खरी वाटत नाही. पुढे खोरेझमची हिरवी जमीन सुरू झाली, कापसाची वेचणी चालू होती आणि मराठवाड्यातल्या माणसाला ओळखीचे वाटावे असे शिवार दिसले. या कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांचे पाणी वळवले गेले आणि उत्तरेकडचा अरल समुद्र आटला. कापूस पिकवणाऱ्या दुष्काळी मुलखातून आलेल्या आम्हा दोघांना त्यावर फार बोलण्याची गरज वाटली नाही.

खिव्याची तटबंदीतली वस्ती, इचान कला, इतकी नीटनेटकी आहे, की ती कुणी काल मांडली असावी असा संशय येतो. अर्धवट राहिलेला काल्ता मिनार हे तिचे रूप. खानाने 1851 मध्ये सुरू केलेला हा जाडजूड मिनार तो 1855 मध्ये मारला गेल्यावर जिथल्या तिथे थांबला. जुमा मशिदीत दोनशेहून अधिक लाकडी खांब आहेत आणि कोणत्याही दोन खांबांवरचे कोरीव काम सारखे नाही. खोरेझम हा अल-ख्वारिज्मीचा मुलूख. हिंदुस्थानी अंकपद्धती अरबी जगाला समजावून देणाऱ्या या गणितज्ञाचा पुतळा वेशीबाहेर आहे. यांनी त्याला छातीवर हात ठेवून रीतसर नमस्कार केला. जेवणात शेपूच्या रसात मळलेल्या हिरव्या शेवया मिळाल्या. वरचा मांसाचा रस्सा वगळून दह्याबरोबर घेतल्या, तर शाकाहाऱ्यांना ते सर्वांत चांगले जेवण ठरावे. रात्री थंडी एकदम वाढते, एक स्वेटर हवाच.

परतल्यावर

उरगेंचहून विमानाने ताश्कंद आणि तिथून दिल्ली, हा टप्पा विनातक्रार पार पडला. घरी आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही पाणचक्कीला गेलो. हौदाच्या काठी यांनी गिझदुवानच्या त्या गृहस्थांसाठी नव्या चित्रफिती काढल्या, नहरीच्या मनोऱ्याच्या जवळून, आणि चालकाच्या मोबाइलवर पाठवल्या. उत्तरादाखल पाच शंकांचा ध्वनिसंदेश आला.

नकाशा अजून जेवणाच्या टेबलावरच आहे. फरगाणा खोरे राहिले: मार्गिलानचे रेशीम, बाबराचे जन्मगाव अंदिजान, आणि तिथून सीमेपलीकडे किरगिझस्तानातले ओश. माझे म्हणणे जूनमध्ये जावे, जर्दाळू आणि चेरी झाडावर असतात. यांचे म्हणणे सप्टेंबरमध्ये, खरबुजांसाठी. लेकीचे म्हणणे, या वयात एवढी दगदग कशाला, आणि कॅनडाला कधी येता. कॅनडाला पुढच्या वर्षी जाऊ, असे तिला सांगितले आहे. ओशला जाऊन परत ताश्कंदहून विमान पकडायचे असेल, तर एकदाच प्रवेशाचा व्हिसा चालत नाही, दोनदा प्रवेशाचा घ्यावा लागतो आणि किरगिझस्तानचा वेगळा. मी हे काल यांना सांगायला गेले, तर ते आधीच दोनदा प्रवेशाच्या रकान्यावर खूण करून महिन्याची जागा कोरी ठेवून बसले होते.